सागाच्या भुशाची पुडी

अशी कल्पना करा, की साडेतीन फुटी लाकडी होडी तुमच्या मांडीवर पालथी ठेवली आहे. होडी खरी नाही, नमुना आहे. पण बांधली आहे खऱ्या होडीसारखीच. आत एकवीस बरगड्या आणि त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकवून बसवलेल्या सागाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी बोटाएवढी रुंद. आता डोळे मिटा आणि अंगठ्याचं नख पट्ट्यांवरून आडवं फिरवा. नख सरकत जाईल आणि एका जागी किंचित अडकेल. तिथं फट आहे. डोळ्यांना कदाचित दिसणारही नाही, पण ती आहे.

ती तुम्हाला भरायची आहे. त्याच लाकडाचा भुसा घ्या, मैद्यासारखा बारीक. फरशीच्या तुकड्यावर चिमूटभर ठेवा, काडीच्या टोकानं गोंदाचा थेंब घाला आणि मळा. भाकरीच्या पिठासारखं सैल नको, पुरणासारखं घट्ट हवं. पट्टीच्या दिशेनं लावायला गेलात तर ते वरच्यावर घसरून जाईल. आडवं दाबलंत तरच आत उतरेल. केसभर वर राहू द्या, कारण वाळलं की ते खाली बसतं. दुसऱ्या दिवशी घासा. घासून झालं की नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा त्यावरून ओढा. साडीचा एक धागा जरी अडकला, तरी खरवडून काढा आणि पुन्हा भरा.

सगळं नीट जमलं, तर तुम्ही इथं काही केलंय हे कुणाला कळणार नाही. शालूबाई एकोणीस वर्षं हेच काम करत होत्या.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये एक पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत लोखंडाचा पंप ओतायचा असेल तर आधी हुबेहूब तसाच लाकडी पंप करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते, तिच्यात लोखंड ओततात. त्या लाकडी पंपाला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नला फट राहिली तर वाळू तिच्यात अडकते, आणि ओतलेल्या प्रत्येक नगावर ती चूक उमटते. म्हणून पॅटर्न तयार झाला की फटी भरायच्या, घासायचं आणि वर लाल नाहीतर काळा रंग द्यायचा. मी डिप्लोमा करून तिथं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला लागले, तेव्हा हे काम शालूबाईंकडे होतं.

त्यांचं माहेर कवठे महांकाळकडचं. लग्नाआधी त्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जात. बेदाणा हातातून सोडताना काडी राहिलीय का, खडा आहे का, हे न बघता कळलं पाहिजे, अशी त्यांची बोटं तिथं तयार झाली होती. पॅटर्न शॉपमध्ये त्या झाडू मारायला म्हणून लागल्या. एके दिवशी हेड मिस्त्री भाऊसो सुतार यांनी पूर्ण केलेल्या पॅटर्नवरची धूळ पुसता पुसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आवं, हितं खड्डा हाय." बाकीचे हसले. भाऊसोंनी बोट फिरवलं, मग चष्मा लावून पाहिलं, मग पट्टी आडवी धरून उजेडाला पाहिलं. खड्डा होता. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी शालूबाईंच्या हातात काचपेपर दिला.

तेव्हा शॉपमध्ये बाईनं बाकड्यावर बसणं हे नवीन होतं. दोघा जणांनी मालकांकडे कुरकुर केली. भाऊसो मालकांना म्हणाले, ही राहील, नाहीतर मी तरी जातो. शालूबाईंनी हे स्वतः ऐकलं नव्हतं, पण चहाच्या गाड्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या वर्षीपासून त्या भाऊसोंना राखी बांधायला लागल्या आणि 'मिस्त्री' म्हणायचं सोडून 'भाऊ' म्हणायला लागल्या. रंध्याचं पातं कसं लावायचं, पटाशीला धार कशी काढायची, कुठल्या लाकडाला किती दाब चालतो, हे सगळं त्यांना भाऊसोंनी शिकवलं. भाऊसोंच्या हातच्या सांध्यात पोस्टकार्डची कडही जात नाही, असं सगळी वसाहत म्हणायची. त्यामुळे त्यांच्या पॅटर्नवर शालूबाईंना भरायला फारसं काही नसायचं. नुसतं घासायचं.

मग तीन वर्षांपूर्वी गिअरबॉक्सचा एक पॅटर्न आला.

शालूबाईंनी हात फिरवला तर मधल्या सांध्याला फट लागली, चांगली वीतभर. त्यांना वाटलं, भाऊंचं अजून व्हायचं असेल. तेवढ्यात भाऊसो आले, त्यांनी त्याच सांध्यावरून तळवा फिरवला, पेन्सिल कानाला लावली आणि चहाला निघून गेले. शालूबाई तिथंच उभ्या होत्या. भाऊंच्या डोळ्यांवर ढग यायला लागलेत, ओढलेली रेघ जाड होत चाललीय, हे त्यांनी गेले काही महिने पाहिलं होतं. आता रंध्याचा हातही रेघेच्या चुकीच्या बाजूनं जायला लागला होता. ते चहा पिऊन परत येईपर्यंत त्यांनी फट भरून टाकली. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाऊसोंनी त्याच दिवशी हत्यारांची पेटी उचलली असती, असं त्यांना वाटलं.

तिथून पुढे दोन वर्षं त्या भाऊसोंच्या फटी भरत राहिल्या. पॅटर्नवर रंग येतो, म्हणून साधी लांबी चालायची. लांबी म्हणजे सुतार आणि रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा. वर लाल रंग चढला की कुणाच्या बापाला कळायचं नाही. भाऊसोंचं नाव होतं तसं राहिलं, आणि शालूबाईंना त्यात एक छुपं समाधान होतं. मला त्या म्हणाल्या होत्या, "त्यांनी मला बाकड्यावर बसवलं. मी त्यांना उठू दिलं न्हाई."

होडीची ऑर्डर पाचगणीहून आली. जहाजावरून निवृत्त झालेले एक कप्तान तिथं छोटं गेस्ट हाऊस चालवत होते. त्यांना दर्शनी खोलीत ठेवायला जुन्या शिडाच्या होडीचा नमुना हवा होता. आमचे मालक वीरधवल यांच्या मित्रानं नाव सुचवलं, म्हणून ते स्वतः गाडी घेऊन कुपवाडला आले. त्यांच्या दोन अटी होत्या. होडीला रंग नको, नुसतं पारदर्शक पॉलिश हवं, म्हणजे प्रत्येक पट्टी दिसेल. आणि फटीत काहीही भरलेलं नको. फळीला फळी भिडली पाहिजे, ते म्हणाले. बुजवलेल्या फटींच्या होड्या बाजारात ढिगानं मिळतात, त्यासाठी मी घाट उतरून आलो नसतो.

वीरधवल भाऊसोंकडे बघायला लागले. भाऊसो म्हणाले, "मिळंल."

बरगड्यांचं ड्रॉइंग मी काढलं. शॉपमधला जयराज बँडसॉवर, म्हणजे मशीनच्या करवतीवर, पट्ट्या कापायचा. कापलेल्या पट्टीची कड तासून बसवायचं काम भाऊसोंचं, आणि खरं कठीण तेच. होडीचं पोट जसजसं वळतं, तसतशी पट्टीची कड वेगळ्या तिरपेपणानं तासावी लागते. मधे ती जवळजवळ सरळ असते आणि पुढच्या टोकाला चांगलीच कलती. हा कल हातानं आणि डोळ्यानंच साधतो. मी कॉम्प्युटरवर काढून दिला असता, पण भाऊसोंना तसं सुचवायची माझी हिंमत नव्हती.

पोटापर्यंत पट्ट्या बऱ्या बसल्या. पुढच्या टोकाला फटी यायला लागल्या. शालूबाईंनी बल्ब आत सरकवून पाहिलं तर बाहेरच्या बाजूला उजेडाच्या बारीक रेघा दिसल्या. या वेळी वर रंग येणार नव्हता. साधी लांबी पांढुरकी दिसली असती. आणि काहीही भरायचं नाही, ही अट तर सगळ्यांनी ऐकली होती. त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि नवऱ्याला, आकारामना, म्हणाल्या, उद्या भाऊंना सांगून टाकते. आकाराम म्हणाले, सांग की, त्यात काय.

सकाळी त्या कामावर आल्या तर त्यांच्या बाकड्यावर एक पुडी होती. रोज फाडायच्या कॅलेंडरच्या पानाची, औषधाच्या पुडीसारखी घडी घातलेली. उघडली तर आत सागाचा भुसा, फडक्यातून गाळलेला.

आमच्या शॉपमध्ये भुशाला तोटा नाही. पण जमिनीवरचा भुसा सगळा मिसळलेला, देवदार, प्लायवूड, कशाकशाचा. तो फटीत भरला तर ठिपके दिसतात. फक्त होडीच्या सागाचा भुसा हवा असेल तर पट्टी तासली जाताना खाली कागद धरून तो वेगळा काढावा लागतो. म्हणजे कुणीतरी मुद्दाम काढला होता. शालूबाईंना वाटलं, जयराजनं. पट्ट्या तोच कापतो, आणि भाऊंचे डोळे काय झालेत हे त्यालाही दिसत असणार. त्यांनी त्याला विचारलं नाही. विचारलं तर बोलावं लागलं असतं, आणि बोललं की ती गोष्ट दोघांची होणार, मग चौघांची. त्या दिवशी त्यांनी भाऊंनाही काही सांगितलं नाही.

दुपारी जेवून भाऊसो शेडमागच्या निंबाखाली अर्धा तास पडायचे. तेवढ्या वेळात त्या फटी भरायच्या. भुशाच्या लगद्याचा रंग किंचित फिका यायचा, म्हणून त्यात उकळलेल्या काळ्या चहाचे दोन थेंब टाकायच्या. ही त्यांची स्वतःची युक्ती. दर दोन-तीन दिवसांनी नवी पुडी यायची. शेवटची उशिरा आली, पॉलिशच्या आदल्या दिवशी. टोकाच्या फटी सगळ्यांत रुंद होत्या आणि भुसा थोडा. शालूबाईंनी गोंद जास्त घातला, लवकर घट्ट व्हावं म्हणून. हे चुकतंय हे त्यांना तेव्हाच कळत होतं. पण पॅटर्नला असलं चालून जायचं. पॅटर्न आयुष्यभर फौंड्रीच्या कोरड्या उष्णतेत राहतो. होडी पाचगणीच्या धुक्यात राहणार आहे, हा विचार शॉपमध्ये कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मला तर तो डिप्लोमात शिकवला होता.

एप्रिलमध्ये होडी पोचवायला वीरधवल, भाऊसो, शालूबाई आणि मी असे गेलो. शालूबाईंना नेलं ते प्रवासात पॉलिशला ओरखडा गेला तर पुसून घ्यायला. कप्तानांनी चार-पाच ओळखीच्यांना बोलावलं होतं. होडी स्टँडवर ठेवली. त्यांनी खिडकीचा पडदा सारून उजेड घेतला, भिंग काढलं आणि एकेका सांध्यावरून नेलं. मग भिंग ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि नख फिरवलं. शालूबाई फिरवतात, अगदी तसंच. नख कुठेही अडकलं नाही.

खरं सांगा मिस्त्री, ते म्हणाले, कुठे काही भरलंय का?

"कणभर न्हाई साहेब," भाऊसो म्हणाले. "फळीला फळी भिडलीय."

कप्तानांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. शालूबाईंनी मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी त्यांना आनंदच झाला होता. भाऊंचं नाव राहिलं, आणि त्या नखाला आपलं काम सापडलं नाही, दोन्हीचा. मग कप्तानांनी सभ्यपणानं त्यांच्याकडे पाहून विचारलं, आणि या ताई काय काम करतात?

भाऊसो म्हणाले, "ही व्हय? ही आमच्यात साफसफाईला असती."

फोटोच्या वेळी भाऊसोंनी नारळ शालूबाईंकडे धरायला दिला. त्या फोटोत त्यांचं कोपर आणि नारळाची शेंडी तेवढी आली आहे. परत येताना वाईच्या पुढे गाडीत भाऊसो म्हणाले, राहू दे तो नारळ, घरी ने, चटणी कर. शालूबाईंनी नेला आणि चटणी केली. भाऊंनी असं का म्हटलं असेल याचा त्यांनी स्वतःच हिशेब लावला. ही फिनिशिंग करते असं सांगितलं असतं, तर कशाचं फिनिशिंग, असा पुढचा प्रश्न आला असता. अट मोडली गेल्याचं उघडं पडलं असतं. पण मग त्यांच्या लक्षात आलं, की हा हिशेब खरा ठरायला भाऊंना फटी भरल्याचं ठाऊक असायला हवं. त्यांना ते ठाऊक नाही असं तर त्या धरून चालल्या होत्या. तिथं त्यांनी विचार सोडून दिला. एकोणीस वर्षं ज्याच्यासोबत काम केलं त्या माणसाबद्दल पुढचा विचार करवत नाही, असं त्या म्हणाल्या.

जुलैत कप्तानांचा फोटो वीरधवलांच्या फोनवर आला. होडीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी फिकट रेघा उठल्या होत्या, हाताला लागतील इतक्या. लाकूड दमट हवा पितं आणि फुगतं. गोंद फुगत नाही. फुगलेल्या पट्ट्यांनी दोन्हीकडून दाबलं आणि आतलं सगळं चिमटीतून टूथपेस्ट यावी तसं वर आलं. जिथं भुसा जास्त होता तिथं काही झालं नव्हतं. जिथं गोंद जास्त होता तिथं एकही रेघ लपली नव्हती. खाली कप्तानांनी एकच ओळ लिहिली होती: तुमच्या मिस्त्रींनी मला तोंडावर खोटं सांगितलं.

वीरधवलांनी सगळ्यांना बाकड्याजवळ बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. काका, ते भाऊसोंना म्हणाले, मला फक्त खरं काय ते सांगा.

भाऊसोंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"मी भरलं न्हाई," ते म्हणाले. "आणि मला इचारून कुणी भरलं न्हाई. हिनं परस्पर भरलं असंल. घासायला दिलं की ह्यांच्या हाताला दम निघत न्हाई."

सगळ्यांनी शालूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, व्हय, मी भरलं. वीरधवलांनी विचारलं, काकांना सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, न्हाई.

दोन्ही उत्तरं खरी होती. मुळात फटी आल्या कशा, हे कुणी विचारलं नाही. बरगड्या माझ्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. म्हणजे पट्ट्यांच्या कडा चुकल्या होत्या. मला ते ठाऊक होतं. मी तिथं उभी होते आणि मीही काही बोलले नाही.

शालूबाईंना बाकड्यावरून काढलं. पॅटर्नना हात लावायचा नाही, शेड झाडायची. पाचगणीत भाऊसो जे बोलले होते ते तीन महिन्यांनी खरं झालं. त्या वर्षी त्यांनी भाऊसोंना राखी बांधली नाही, आणि भाऊसोंनीही हात पुढे केला नाही. गणपतीच्या आधी भाऊसो निवृत्त झाले. साताऱ्याला मुलाकडे गेले, तिथं त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, असं कानावर आलं.

शालूबाईंचं मन मात्र एका जागी अडकून बसलं. आपण सांगितलं नव्हतं, म्हणून दोष घेतला. तो घ्यायला त्यांची तक्रार नव्हती. भाऊंना खरंच काही माहीत नसेल, तर उलट त्यांचीच मान आपण खाली घालायला लावली. या विचारानं त्या दोन महिने घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. झाडता झाडता एक दिवस त्यांनी जयराजला म्हटलं, तू बाबा भुसा देत होतास, पण शेवटची पुडी जरा लवकर द्यायची होतीस.

"कसला भुसा?" जयराज म्हणाला. "मला वाटायचं तूच गोळा करतीस."

त्या झाडू धरून उभ्याच राहिल्या. जयराज नव्हे, तर त्या सागाला हात लावणारा दुसरा एकच माणूस शॉपमध्ये होता. पुडी त्यानं ठेवली असेल, तर त्याला सगळं ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं, तर 'परस्पर' हा शब्द त्यानं जाणूनबुजून वापरला.

शेवटच्या पुडीतला चिमूटभर भुसा त्यांच्याकडे उरला होता. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी ती पुडी पर्समध्ये ठेवली, पावशेर बेदाणे बांधून घेतले आणि सांगली स्टँडवरून साताऱ्याची एस.टी. धरली. आकाराम म्हणाले होते, आता विचारून तुला काय मिळणार आहे. त्या म्हणाल्या, मिळायचं काय न्हाई, मला फकस्त कळाय पाहिजे, मी एवढी वर्षं कुणाला राखी बांधली.

गोडोलीकडे मुलाचा फ्लॅट होता. दार सुनेनं, मयूरीनं उघडलं. भाऊसो बाल्कनीत बिनचष्म्यानं पेपर वाचत बसले होते. शालूबाईंना पाहून ते उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता, हे शालूबाईंनी मला दोनदा सांगितलं. शॉपची चौकशी झाली. बँडसॉवर कोण आहे, रंध्याचं मोठं मशीन दुरुस्त झालं का, वीरधवलच्या मुलीचं काय चाललंय. आता सगळं लख्ख दिसतं, ते म्हणाले. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीची चौकट गुण्यात नाही, काटकोनातून जरा सुटलीय, तेसुद्धा दिसतं. दोघंही हसले. शालूबाईंना वाटलं, उगीच आलो, हा माणूस असं करणार नाही.

मग भाऊसोंनी स्वतःच होडीचं काढलं.

"लय मनाला लागलं गं माझ्या. तू मला सांगाय पाहिजे हुतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

शालूबाईंचे डोळे भरून आले. पर्समधल्या पुडीवर त्यांचा हात होता, तो त्यांनी काढून घेतला. भाऊंना ठाऊक नव्हतं, पुडीचं काहीतरी वेगळंच असेल, आपण मनात काय काय आणलं, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "चुकलं भाऊ."

त्यावर भाऊसोंचा जीव मोकळा झाला असावा. ते खुर्चीत मागे टेकले आणि एकोणीस वर्षं बाकड्यावर जसे समजावून सांगायचे तसे बोलायला लागले.

"भरलंस ते भरलंस. पर गोंद केवढा घातलास? टोकाला तर नुसता गोंदच. येवढा फडक्यातनं गाळून भुसा देत हुतो, त्यो काय..."

ते थांबले.

आत मयूरीनं कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. भाऊसोंनी समोरच्या बशीतले बेदाणे घेतले आणि एकेका बेदाण्याची काडी शोधायला लागले. काड्या नव्हत्या, निवडलेला माल होता. शालूबाई त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. पुडी बाहेर काढायची गरज उरली नव्हती. मयूरी चहा घेऊन आली, साखर चालते ना म्हणाली, त्या चालते म्हणाल्या. भाऊसोंनी विचारलं, परतीची गाडी कितीची आहे? त्या म्हणाल्या, मिळंल ती. ते खाली फाटकापर्यंत सोडायला आले. येत जा, म्हणाले. त्यांनी मान हलवली.

आता शालूबाई दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या पॅटर्न शॉपमध्ये फिनिशिंगला आहेत. त्यांचं नाव तिथं आधीच पोचलं होतं, पण होडी बिघडवणारी बाई म्हणून. तिथल्या मालकांनी एक पॅटर्न पुढे ठेवला, हात फिरवायला सांगितला आणि मग काही विचारलं नाही. मी कधी कधी दुपारी डबा घेऊन त्यांच्याकडे जाते. बाकड्याच्या कोपऱ्यात ती कॅलेंडरच्या पानाची पुडी आहे, वर एक बोल्ट ठेवलेला, उडू नये म्हणून. फेकत का नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, चांगला भुसा हाय, लागंल कवातरी.

पाचगणीत आपलं नाव घेतलं नाही, याचं त्यांना आता फारसं काही वाटत नाही. शॉपमध्ये आपल्यावर ढकललं, तेही त्या समजून घेतात. म्हातारपणी माणूस घाबरतो, म्हणतात. पण ती गोष्ट सांगताना त्या होडीपाशी थांबत नाहीत. त्या मागे जातात, तीन वर्षं मागे, गिअरबॉक्सच्या पॅटर्नपर्यंत. पहिली फट. भाऊसो येतात, सांध्यावरून तळवा फिरवतात, पेन्सिल कानाला लावतात आणि बाहेर पडतात.

परवा डबा झाकताना त्यांनी मला विचारलं. उत्तर माझ्याकडे नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तू तर शिकलेली हायेस. सांग बरं. त्या दिवशी भाऊ चहाला गेले, ते चहाला गेले, का मला फट भराय येळ मिळावा म्हणून गेले?"